शिकण्यासारखं काही नाही

ग्लेंडा वॉर्डल नवी व्हेप, म्हणजे सिगारेटऐवजी ओढायची वाफेची नळी, सकाळच्या चहाआधी ओढून बघायची. चहा पोटात गेला की जीभ खुशामत करायला लागते, असं तिचं म्हणणं. इंग्लंडच्या किनाऱ्यावरल्या फ्लीटवुडच्या ज्या रस्त्याच्या मधून ट्राम जाते त्याच रस्त्यावर, मासळीच्या दुकानाला खेटून तिचं दुकान होतं, आणि वरच्या मजल्यावर ती आणि तिचा नवरा डेनिस राहत. कंपन्यांचे एजंट नवी खोकी घेऊन येत, लाडीगोडी लावत, पण ग्लेंडाने स्वतः आठवडाभर वापरल्याशिवाय एकही वस्तू फळीवर चढत नसे. चढली की तिच्याखाली एक कार्ड लागे, हिरव्या शाईत, तिच्या टपोऱ्या अक्षरात. 'घशाला लागते, पण ठसका येत नाही.' 'गळते. पांढरा शर्ट घालणाऱ्यांनी लांब राहावं.' 'चव छान, पण खिशात उलटी ठेवली तर रुसते.' गावातले लोक हे कार्ड वाचायचे आणि खोक्यावरचं एक अक्षर वाचायचे नाहीत. याचा तिला फार अभिमान होता आणि तो ती लपवायच्या भानगडीत पडत नसे.

तिचं तोंड मात्र फटकळ होतं. सिगारेट सोडायला आलेल्या माणसाला ती जीव लावायची, पण ज्याने आयुष्यात कधी सिगारेट ओढली नाही अशा कुणाला ती व्हेप विकत नसे, मग तो कायद्याने कितीही मोठा झालेला असो. एकदा एक नुकता मिसरूड फुटलेला पोरगा ओळखपत्र दाखवून आंब्याच्या चवीची मागायला लागला. ती म्हणाली, कुठली सिगारेट ओढतोस? तो गडबडला. "मग घरी जा आणि आंबा खा," एवढं बोलून तिने पुढच्या गिऱ्हाइकाकडे मान वळवली. लोक हसले. ग्लेंडाच्या दुकानात लोक नेहमीच हसत असत, आणि ज्याच्यावर हसले तो बहुधा पुन्हा यायचा, म्हणून आपल्या हसण्याने कुणाचं काही जात नाही अशी तिची समजूत होऊन बसली होती.

सरकारने वापरून फेकायच्या व्हेपवर बंदी घातली तेव्हा अख्ख्या गावाची तारांबळ उडाली. त्या ओढायला शहाणपण लागत नव्हतं. पाकीट फोडा, ओढा, मेली की कचऱ्यात टाका, दुसरी फोडा. आता त्या गेल्या आणि त्यांच्या जागी आल्या भरलेल्या कुप्यांच्या. खालचा भाग कायम ठेवायचा, त्याला चार्जिंग करायचं, आणि वरची रसाने भरलेली कुपी तेवढी संपली की बदलायची. अशा चार-पाच जाती ग्लेंडाने ओढून पाहिल्या आणि नाकारल्या. एकीचं तोंड इतकं चपटं की कवळी असलेल्या माणसाच्या ओठांत धरवेना. दुसरीची कुपी निघता निघेना, संधिवाताची बोटं तिच्यापुढे हात टेकणार. तिसरीत रस तळाला गेला की जळक्या कापसाची चव. मग 'मेरिडियन' आली.

मेरिडियन तिला आवडली. दोन्ही हातांनी कुपी काढून पाहिली, मग डाव्या हाताने, मग साबणाने ओल्या हाताने. एप्रनच्या खिशात उलटी ठेवून ती दिवसभर जिने चढली-उतरली, थेंब गळला नाही. घशाला नेमकी लागत होती, म्हणजे जुन्या सिगारेटवाल्याला आपण काहीतरी ओढलं असं वाटावं इतपत. शेवटच्या थेंबापर्यंत चव बिघडली नाही. ओढताना बुडाशी एक जांभळा दिवा लागायचा. आणि गल्ल्याशेजारी चार्जिंगची पांढरी तार कायम पडलेली असे, कधी मोबाइलला लाव, कधी कशाला. मेरिडियन हातात नसली की त्या तारेला. त्यामुळे त्या आठवड्यात दुकान आणि वरचं घर यांच्या बाहेर न पडलेल्या ग्लेंडाने ती बंद पडलेली कधी पाहिलीच नाही.

तिने कार्ड लिहिलं: 'जुन्यासारखीच. शिकण्यासारखं काही नाही.'

हे लिहिताना तिच्या डोळ्यांसमोर एकच माणूस होता, तिचा थोरला भाऊ नेव्हिल.

नेव्हिल पोरवयातच मासेमारीच्या बोटीवर गेला, बोटी संपल्यावर गोदीत जाळी विणत बसला, आणि या सगळ्या काळात त्याच्या ओठात हाताने वळलेली सिगारेट होती. आता त्याच्या डाव्या पायाची रक्तवाहिनी तुंबली होती. घरातून निघाला की दुसऱ्या दिव्याच्या खांबाशी उभा राहायचा, काचेत काहीतरी बघतोय असं दाखवायचा, कळ ओसरली की पुढे निघायचा. त्या खांबाशेजारी अंत्यविधीच्या सामानाचं दुकान होतं, म्हणून लोकांना वाटायचं नेव्हिल आधीच शवपेटी पसंत करतोय. सर्जनने सांगितलं, पाय वाचवायचा तर शस्त्रक्रिया करावी लागेल, पण सिगारेट चालू असेल तर मी चाकू लावणार नाही, कारण जोडलेली शीर पुन्हा बंद पडते. नेव्हिलने ऐकलं. बहिणीच्या दुकानातल्या फेकायच्या व्हेपवर त्याने सिगारेट सोडली आणि वर्षाच्या आत शस्त्रक्रियेची तारीख लागली. त्याआधी हॉस्पिटलात एका नळीत फुंकर मारायची होती. जळक्या तंबाखूचा विषारी वायू छातीत असला तर यंत्र आकडा दाखवतं. व्हेपने तो येत नाही. आकडा खाली आला की पाय त्याचा, वर गेला की तारीख दुसऱ्याची, असा सरळ मामला होता.

बंदीच्या आधी साठवलेल्या त्याच्या जुन्या व्हेप एका शुक्रवारी संपल्या. तो दुकानात आला, फळीपाशी उभा राहिला आणि त्याने कार्ड वाचलं. नेव्हिलला वाचायला वेळ लागायचा. शाळेत अक्षरं त्याच्यापुढे पळायची, आणि त्याच्याहून लहान असलेली ग्लेंडा त्याच्या खांद्यावरून डोकावून त्याच्या आधी वाक्य संपवायची नि खिदळायची. दोघांची साठी आली तरी त्याला छापील कागद दिसला की कपाळावर घाम यायचा, हे तिला ठाऊक होतं. म्हणूनच खोक्यातून बारीक अक्षरांचा घडी घातलेला कागद निघाला तेव्हा तिने तो स्वतःच चुरगळून टाकला.

"हे तुला नको. हे असं काढायचं, हे असं बसवायचं. झालं."

नेव्हिलने जाळी विणून जाड झालेल्या बोटांनी कुपी काढली, बसवली, पुन्हा काढली. एक झुरका घेतला. जांभळा दिवा लागला. त्याचा चेहरा सैलावला आणि तो म्हणाला, बरी आहे की ही. तारेबद्दल ग्लेंडा बोलली नाही, कारण तार काय कुणाच्याही घरात असते. नेव्हिलच्या घरात नव्हती. त्याचा मोबाइल बटणांचा होता आणि त्याच्या चार्जरचं टोक वेगळंच होतं, पण हे तिच्या मनातही आलं नाही.

त्यानंतर तो दर शुक्रवारी कुप्यांचं पाकीट न्यायला यायचा. कशी चाललीय असं तिने विचारलं की म्हणायचा, "तू लिहिलंस तशीच." ती सुखावायची. एकदा डेनिस म्हणाला, नेव्हिलच्या कोटाला तंबाखूचा वास मारतोय. ग्लेंडाने त्याला उडवून लावलं. तो हिरवळीवर गोळे घरंगळवत बोल्स खेळतो, त्या क्लबात सगळे धुराड्यासारखे फुंकतात, तिथलाच असेल. तिला स्वतःला वास आला नव्हता. दिवसभर स्ट्रॉबेरी, पुदिना आणि निळ्या कशाकशाच्या वाफेत उभं राहून तिच्या नाकाने कधीच राजीनामा दिला होता.

मग मिसेस पार्टिंग्टनचा प्रकार घडला. मिसेस पार्टिंग्टन चर्चच्या मागच्या गल्लीत राहणारी विधवा, कायम डोक्याला पावसाची पारदर्शक प्लास्टिकची टोपी बांधलेली. ती येऊन म्हणाली, आणखी एक मेरिडियन दे. ग्लेंडाने विचारलं, पहिलीला काय झालं? ती म्हणाली, मेली. लाल दिवा लुकलुकला आणि मेली, मग मी ती कचऱ्याच्या बिनमध्ये टाकली, जुन्या टाकायचे तशी. ग्लेंडा आधी बघतच राहिली. मग तिला जे हसू फुटलं ते आवरेना. माशांच्या दुकानातला माणूससुद्धा काय झालं म्हणून डोकावला, आणि ग्लेंडाने त्यालाही सांगितलं. मिसेस पार्टिंग्टन पण हसली, हसल्यासारखं केलं म्हणा, आणि नवी व्हेप आणि एक तार घेऊन खाली मान घालून गेली.

रविवारी नेव्हिल नेहमीप्रमाणे जेवायला वर आला. भाजलेलं मटण होतं, बटाटे होते, डेनिसच्या आवडीची दाट ग्रेव्ही होती. ग्लेंडाने टेबलावरचा प्लास्टिकचा रुमाल डोक्याला बांधला आणि मिसेस पार्टिंग्टन वठवली. दबका आवाज, हलणारी मान, सगळं हुबेहूब. 'मेली गं बाई माझी. काल रात्री बिनमध्ये मूठमाती दिली.' डेनिसला ठसका लागला, त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. ग्लेंडाला आणखी चेव चढला. "अहो, तिला चार्जिंग करतात, मिसेस पार्टिंग्टन. मोबाइल बंद पडला की तोही पुरता का? आणि नवरा झोपला की त्याचं काय करायचात?"

नेव्हिल हसला नाही. त्याचा काटा बटाट्यात तसाच रुतलेला होता. त्याने विचारलं, "मग लाल दिवा म्हणजे मेली असं नाही?"

"ऐका याचं," ग्लेंडा डेनिसला म्हणाली, "हा तिच्या बाजूने बोलतोय. अरे, एवढी अक्कल नसलेल्या माणसाने व्हेप कशाला, चहाची किटलीसुद्धा एकट्याने वापरू नये."

नेव्हिलने मान हलवली आणि ताटातलं निमूटपणे संपवलं. पाय ठणकतोय वाटतं, असं तिला वाटलं. तिने त्याला पुडिंगचा मोठा तुकडा वाढला.

फुंकर मारायचा दिवस उजाडला तो गुरुवार होता. ग्लेंडाने दुकान डेनिसवर सोपवलं आणि भावाबरोबर ट्रामने निघाली. नेव्हिल खिडकीशी बसून समुद्राकडे बघत होता. ती मात्र बोलत सुटली होती. शस्त्रक्रियेनंतर तू आमच्याकडेच राहा, जिना चढवला नाही तर दुकानामागच्या खोलीत पलंग टाकू, उन्हाळ्यात पुन्हा बोल्स खेळशील. तो फक्त हूं करत होता. हॉस्पिटलच्या फाटकापासून दारापर्यंत तो तीनदा थांबला आणि इथे काचेत बघायला काही नव्हतं, म्हणून नुसता उभा राहिला.

नर्सचं नाव ब्रॉन्विन. वेल्सची, जाडजूड, आवाजात माया. ती म्हणाली, कोट काढा मिस्टर रिग्बी, छाती मोकळी राहू दे, खोल श्वास घ्यायचाय. नेव्हिलने कोट काढला खरा, पण हातात घट्ट धरून ठेवला. ग्लेंडाने तो त्याच्याकडून ओढून घेतला, लहान पोराचा घेतात तसा. कोट जड लागला. तिने तो मांडीवर घेतला तेव्हा खिशात काहीतरी करकरलं, म्हणून तिने सवयीने हात घातला.

खिशात कुप्यांची पाकिटं होती. दुसऱ्या खिशातही होती. आतल्या खिशातही. एक सोडून सगळी बंद, वरचा कागद न फाडलेला. तिने स्वतःच्या हाताने दर शुक्रवारी त्याला दिलेली, एकूण एक. व्हेप मात्र कुठल्याच खिशात नव्हती. आतल्या खिशाच्या तळाशी तिची बोटं तंबाखूच्या कोरड्या भुशात गेली.

ग्लेंडाला सगळं एकदम कळलं आणि तिला वाटलं, आपण खुर्चीसकट खाली जातोय. मूर्ख बाई, मिसेस पार्टिंग्टन नव्हे, तू. समोर नेव्हिल श्वास धरून बसला होता, गाल फुगवून, डोळे मिटून. नर्स मोजत होती. मग म्हणाली, आता फुंका, हळूहळू, शेवटपर्यंत. त्याने फुंकलं. जीव ओतून फुंकलं, जणू जोर लावला तर आकडा खाली येईल. यंत्रावर आकडे चढत गेले आणि बावीसवर थांबले.

दहाच्या खाली हवा होता, हे तिघांनाही माहीत होतं. मग ब्रॉन्विनने खुर्ची जवळ ओढली. म्हणाली, असं होतं, अनेकांचं होतं, मी ओरडणार नाही. पण काय झालं ते सांगा म्हणजे मदत करता येईल. तुम्ही व्हेपवर छान होतात. नवी घेतलीत ती जमली नाही का?

नेव्हिलने बहिणीकडे बघितलं नाही.

"जमली की," तो म्हणाला, त्या यंत्राकडे बघत. "सोपी आहे एकदम. शिकण्यासारखं काही नाही तिच्यात. माझंच मन कच्चं."

तो ग्लेंडाला वाचवत होता. पाय त्याचा जाणार होता आणि परक्या बाईपुढे तो बहिणीच्या कार्डाची अब्रू राखत होता. ग्लेंडा म्हणाली, खोटं बोलतोय तो. आवाज इतका चिरकला की ब्रॉन्विनने दचकून पाहिलं. मग ग्लेंडाने पाकिटं एकेक काढून टेबलावर ठेवली. या कुप्या जिच्यावर बसवतात ती व्हेपच त्याने फेकून दिली, कारण ती फेकायची नसते हे मी त्याला सांगितलं नाही, असं ती म्हणाली. मी दुकानभर कार्डं लावत हिंडते, असंही म्हणाली.

ब्रॉन्विनने ऐकून घेतलं. तिने सगळं टिपलं, सर्जनना सांगते म्हणाली. मग नेव्हिलचा बूट आणि मोजा काढला. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट काळंनिळं झालेलं होतं. हे कधीपासून, असं तिने विचारलं. नेव्हिल म्हणाला, झालं थोडं. ती आत गेली, सर्जनशी फोनवर बोलली, परत आली. शस्त्रक्रियेची तारीख आता दुसऱ्याला जाणार, असं तिने सांगितलं. सिगारेट आजपासून बंद, आणि सहा आठवड्यांनी पुन्हा फुंकर. शीर जोडायचं तेव्हा बघू. ही दोन बोटं मात्र तोपर्यंत थांबतील असं सर्जनना वाटत नाही, मिस्टर रिग्बी. पुढच्या आठवड्यात या, ती काढावी लागतील. तिने हे सगळं त्याचा पाय हातात धरून सांगितलं, एवढा तिचा चांगुलपणा.

ट्रामच्या थांब्यावर दोघं बाकावर बसली. वारा समुद्रावरून येत होता. ग्लेंडाने विचारलं, आणि त्याने सांगितलं, रागावून नव्हे, हवापाणी सांगावं तसं.

व्हेप घेतली त्याच्या दुसऱ्याच दिवशी गार्स्टँग गावाला बोल्सचा सामना होता. गाडीत बसून तो ओढत गेला, छान चालली होती. दुपारी पत्र्याच्या खोपटात चहा आणि सँडविच खायला जमले तेव्हा लाल दिवा लुकलुकला, मग काहीच लागेना. त्याला वाटलं, संपली. त्याने ती कागदी बशीबरोबर कचऱ्याच्या पिंपात टाकली आणि दुसरी फोडावी म्हणून खिशात हात घातला. खिशात नुसत्या कुप्या. कुपीला तोंड लावून ओढून पाहिलं, हसतील म्हणून भिंतीकडे तोंड करून. त्यानंतर त्याचा खेळ बिघडला. तलफ आवरेना, गोळा भलतीकडेच जायला लागला, संघ हरायला लागला. शेजारी संघातला वॉल्टर सिगारेट वळत होता. त्याने न विचारता एक वळून पुढे केली, कारण चाळीस वर्षं तो तसंच करत आला होता.

"एकच ओढायची होती," नेव्हिल म्हणाला. "सोमवारी तुझ्याकडे येऊन दुसरी घेणार होतो. म्हटलं, सांगावं की ही पहिली लवकर मेली. पण मग वाटलं, तू लिहिलंयस शिकण्यासारखं काही नाही. म्हणजे सगळ्यांना जमत असणार. मलाच जमली नाही म्हणजे माझंच काहीतरी चुकलं. शुक्रवारपर्यंत धीर करू म्हटलं. शुक्रवारी आलो तर दुकानात लोक होते."

"आणि रविवारी?"

"रविवारी तू डोक्याला रुमाल बांधलास."

ग्लेंडाने पर्स उघडली. तिच्यात तिची स्वतःची मेरिडियन होती आणि ती पांढरी तार, जी ती सवयीने सगळीकडे नेत असे. दोन्ही तिने भावाच्या हातात ठेवल्या. त्याने व्हेप उलटीसुलटी करून पाहिली. तारेचं टोक कुठे लावायचं ते शोधत त्याने ते आधी वर, मग बाजूला टेकवलं. त्याचा अंगठा भोकावरच होता. ग्लेंडाने त्याचा अंगठा हलकेच बाजूला केला. टोक आत गेलं.

"आणि लाल लुकलुकली की?" त्याने विचारलं.

"भिंतीतल्या प्लगला लावायची. तासभर. मग पुन्हा चालते."

"इतकंच?"

"इतकंच."

नेव्हिलने व्हेप आणि तार कोटाच्या खिशात ठेवली. लांबून ट्रामची घंटा ऐकू आली. उठायचं म्हणून त्याने पाय सरळ केला आणि कळ आली तशी पुन्हा बसला.

"हे मी त्या रविवारी सरळ विचारलं असतं ना," तो म्हणाला, "तर तू हसली असतीस."

"हो," ग्लेंडा म्हणाली. "हसले असते."

मग ती उठली, त्याच्या काखेत हात घातला आणि ट्राम पुढे येऊन उभी राहीपर्यंत त्याला धरून उभी राहिली.